पुण्याच्या बस डेपोत हायड्रोजनचा पंप हवा का?

आगारवासी :
हायड्रोजनची बस पुण्याला नवी नाही. सीएसआयआर ही सरकारी संशोधन संस्था आणि केपीआयटी कंपनी यांनी मिळून केलेली फ्युएल सेल बस (हायड्रोजनपासून बसमध्येच वीज बनवून चालणारी) ऑगस्ट २०२२ मध्ये इथेच लोकांसमोर आली. त्या संशोधकांचा मला अभिमान आहे. तरीही शहरातल्या डेपोत हायड्रोजनचा पंप उभारायला माझा विरोध आहे.

हिशेब बघा. पाण्यापासून एक किलो हायड्रोजन काढायला साधारण ५५ युनिट वीज जाते. बारा मीटरच्या बसला शंभर किलोमीटरला आठेक किलो लागतो, म्हणजे ४४० युनिट. ३५० बार (हवेच्या साधारण ३५० पट) दाबाने टाकीत भरण्याची वीज आणखी वेगळी. तेवढ्याच अंतराला बॅटरीवरची बस १२०-१३० युनिटांत जाते. फ्रान्समधल्या माँपेलिए शहराचा हिशेब होता : हायड्रोजनला किलोमीटरमागे ९५ युरो सेंट, विजेला १५. जानेवारी २०२२ मध्ये त्यांनी ५१ हायड्रोजन बसचा बेत सोडून दिला. आपल्याकडे आधीच थांब्यावर लोक ताटकळतात. इंधनावर जास्त पैसे गेले की बस कमी येणार.

घाटमाथा :
माँपेलिए सांगितलंत, मग जर्मनीतलं कोलोनही सांगा. त्या भागातल्या आरव्हीके कंपनीकडे शंभरावर हायड्रोजन बस आहेत. जवळच्या ह्यूर्थच्या रासायनिक वसाहतीत क्लोरीन बनवताना हायड्रोजन आपोआप निघतो, तोच त्यांनी आधी बसमध्ये भरला. तिथे तुमचे ५५ युनिट लागूच होत नाहीत.

आणि वीज किती लागते एवढंच बघून कसं चालेल? ती कधी लागते तेही बघा. रात्री मुक्कामाला आलेल्या सगळ्या ई-बस एकदम चार्जिंगला लागतात, तेव्हा सौरवीज नसते. हायड्रोजन दुपारी बनवून साठवता येतो आणि बसमध्ये भरायला दहाएक मिनिटं पुरतात. लेहमध्ये साडेतीन हजार मीटरहून जास्त उंचीवर एनटीपीसी या सरकारी वीज कंपनीने सौरप्रकल्प, पंप आणि पाच बस उभ्या केल्यात. बॅटरी थंडीत कशी दमते ते तिथल्या लोकांना विचारा.

आगारवासी :
लेहची थंडी पुण्यात नाही. आणि ह्यूर्थचा पंप कारखान्याला लागून आहे. आपल्या डेपोत हायड्रोजन येणार ट्रेलरने. २०० बारच्या सिलिंडरांचा अख्खा ट्रेलर जेमतेम तीन-साडेतीनशे किलो आणतो. एका बसला ३० किलो धरा, दहा-अकरा बस भरल्या की ट्रेलर रिकामा. शंभर बसच्या डेपोला रोज नऊ-दहा ट्रेलर लागतील, तेही आपल्या रस्त्यांवरून! डेपोतच बनवायचा म्हटलं तर बॅटरीच्या तिप्पट-चौपट वीज डेपोत आणावी लागेल. दुपारची सौरवीज वापरायची असेल तर दोन पाळ्यांच्या मधे बस थेट चार्ज करता येते.

चेंबूरकर :
जागेचं कोणी बोलतच नाही. जून २०१९ मध्ये नॉर्वेत, ओस्लोजवळच्या सांडविकात हायड्रोजन पंपावर स्फोट झाला. उच्च दाबाच्या टाकीचे बोल्ट नीट आवळलेले नव्हते. हादऱ्याने जवळच्या गाडीतल्या एअरबॅग उघडल्या आणि माणसांना इजा झाली. आपल्या डेपोंना भिंतीला भिंत लावून वस्ती आहे. सुरक्षित अंतर कुठून काढणार?

घाटमाथा :
बोल्ट आवळायचे राहिले म्हणून इंधनच बाद करायचं? सीएनजीही उच्च दाबाचाच वायू आहे, त्याचे पंप शहरभर आहेत. शहरातल्या छोट्या फेऱ्या बॅटरीवर चालवा, ते मी मान्य करतो. लांब पल्ल्याचं काय? मार्च २०२५ मध्ये केंद्राने ३७ बस-ट्रक आणि ९ पंपांचे पथदर्शी प्रकल्प मंजूर केले, त्यात पुणे-मुंबई मार्ग आहे. इथे पंप चालला तर पोरं त्यावर काम शिकतील. नाही तर तंत्रज्ञ बाहेरून आणावे लागतील.

आगारवासी :
महामार्गावर करा, माझी हरकत नाही. पण हिरवा हायड्रोजन (सौर-पवन विजेवर पाण्यापासून काढलेला) तयार झाला की पहिला अलिबागजवळच्या थळसारख्या खत कारखान्याला द्या. तिथे अमोनियासाठी हायड्रोजन लागतोच, आज तो नैसर्गिक वायूपासून काढतात. बसला विजेचा पर्याय आहे, अमोनियाला हायड्रोजनशिवाय नाही.

घाटमाथा :
खताचं पटलं. डेपोचं अजून नाही. पुणे-मुंबई मार्गावरच्या पंपाचा किलोमागचा दर आणि तो महिन्यातून किती दिवस बंद राहिला, हे दोन आकडे सरकारने जाहीर करावेत. तोवर मी माझं मत बदलणार नाही.