चेंडू टीव्हीवर गोल, कंप्युटरवर अंड्यासारखा! वाइडस्क्रीन एक्स्पोर्टबद्दल मदत हवी

कागदीबाण:
टूडी अ‍ॅनिमेशन १९२०×१०८० मध्ये केलंय. एका ठिकाणी पाल (PAL, भारत-युरोपातली जुनी टीव्ही पद्धत) वाइडस्क्रीन डीव्हीडी मागितली आहे. एक्स्पोर्ट केल्यावर फाइल ७२०×५७६ ची झाली आणि एडिटिंगमध्ये उघडली तर चेंडू उभं अंडं! टीव्हीवर मात्र गोलच दिसतो. मित्र म्हणतो, चेंडू आधीच आडवा ताणून काढ. खरंच सगळं पुन्हा काढायचं?

शेवटचीफ्रेम:
काही पुन्हा काढू नका. मित्राचं ऐकलंत तर टीव्हीवर आडवं अंडं दिसेल.

७२० ला ५७६ ने भागा. १.२५ येतं, म्हणजे धड ४:३ (जुन्या टीव्हीचा आकार) नाही, धड १६:९ (वाइडस्क्रीन) ही नाही. डीव्हीडीत साधं चित्र असो की वाइडस्क्रीन, पिक्सेल तेवढेच. फरक असतो तो फाइलमधल्या एका नोंदीचा: हे १६:९ म्हणून दाखव. टीव्ही ती नोंद वाचून प्रत्येक पिक्सेल १.४२ पट रुंद धरतो. तुमच्या एडिटिंगने पिक्सेल चौरस धरले, एवढंच झालंय.

आकड्यांत बघा. मूळ फ्रेममध्ये चेंडूचा व्यास ३६० असेल, तर डीव्हीडीच्या फाइलमध्ये त्याची उंची १९२ आणि रुंदी १३५ उरते. १३५ गुणिले १.४२२२ म्हणजे पुन्हा १९२. चेंडू गोल!

काम शेवटपर्यंत चौरस पिक्सेलमध्येच ठेवा, दाबायचं ते फक्त एक्स्पोर्टला, एकदाच. आणि डोळ्यांवर विसंबू नका, प्लेअर आपापल्या मर्जीचे असतात. एफएफप्रोबने (फाइलची माहिती दाखवणारं टूल) फाइल तपासा: एसएआर (एका पिक्सेलची रुंदी:उंची) ६४:४५, म्हणजेच १.४२, आणि डीएआर (अख्ख्या चित्राची रुंदी:उंची) १६:९ दिसलं की निर्धास्त. १:१ आणि ५:४ दिसलं तर नोंद गळाली आहे. मग टीव्हीवरही अंडंच.

रंगपेटी:
मध्येच विचारते. माझ्या आफ्टर इफेक्ट्समध्ये (अडोबीचं अ‍ॅनिमेशन सॉफ्टवेअर) १.४२ नाही, १.४६ दिसतं. चुकीचं आहे का?

शेवटचीफ्रेम:
नाही. जुना हिशोब अख्खे ७२० पिक्सेल धरायचा, म्हणून चौरस पिक्सेलमध्ये रुंदी १०२४ यायची. आफ्टर इफेक्ट्सच्या सीएस४ आवृत्तीपासून कडेचे थोडे पिक्सेल १६:९ च्या बाहेर धरतात, म्हणून १०५०. फरक अडीच टक्क्यांचा, प्रेक्षकाला कळणारही नाही. फक्त एकाच प्रोजेक्टमध्ये दोन्हींची खिचडी नको, नाहीतर कडेला बारीक काळी रेघ येते आणि ती शोधण्यात रात्र जाते.

कागदीबाण:
सुटलो! एसएआर ६४:४५ च आहे. आता शेवटचं: हीच फिल्म सिनेमास्कोपसारखी, उंचीच्या २.३९ पट रुंद करून ऑनलाइन टाकायची आहे. त्याला पण पिक्सेल ताणायचे?

शेवटचीफ्रेम:
अजिबात नाही. ताणलेला पिक्सेल ही जुन्या टीव्हीची आणि १४४०×१०८० वाल्या एचडीव्हीची (टेपवरच्या जुन्या एचडी कॅमेऱ्यांचा फॉरमॅट) भानगड. ऑनलाइनसाठी पिक्सेल चौरसच. १९२०×८०४ ला रेंडर करा. ८०३ करू नका, विषम आकड्यावर एच२६४ चे (ऑनलाइन व्हिडिओचा नेहमीचा फॉरमॅट) बरेच एन्कोडर, म्हणजे फाइल बनवणारे प्रोग्राम, अडून बसतात. काळ्या पट्ट्या प्लेअर स्वतः लावतो. चॅनेलने १९२०×१०८० च मागितलं, तरच वर-खाली १३८ पिक्सेलच्या पट्ट्या चित्रात घाला. आणि नुसतं कापून मोकळे होऊ नका, प्रत्येक शॉट वर-खाली सरकवून बघा. १६:९ साठी मांडलेल्या पात्रांची डोकी पहिल्यांदा उडतात.