युद्धखेळातील शब्द : रिकॉइल, रिस्पॉन, फ्लँक, टिकिट यांना मराठीत काय म्हणावे?

प्रश्न

ऑक्टोबर २०२५ मध्ये आलेला 'बॅटलफील्ड ६' हा लष्करी शूटर, म्हणजे बंदुकीने शत्रूला टिपण्याचा व्हिडिओ गेम, मी सध्या फावल्या वेळात खेळतो आहे. मी या प्रकारातला मुरलेला खेळाडू नाही, त्यामुळे पहिले काही दिवस मला दिसले ते एवढेच, की धूळ उडते, कोठून तरी गोळी येते, आणि गोळी कोणी झाडली हे कळायच्या आत आपण जमिनीवर असतो. तरीही खेळ आवडला. भिंती खरोखर कोसळतात, पडलेल्या सोबत्याला धरून ओढत आडोशाला नेता येते आणि तेथे त्याला पुन्हा उभे करता येते. हा अनुभव न खेळणाऱ्या एका मित्राला मराठीत लिहून कळवावा म्हणून बसलो आणि दुसऱ्याच वाक्याला अडलो. "मी स्पॉन झालो, फ्लँक केले, रिकॉइलमुळे नेम गेला, डाउन झालो, मग सपोर्टने रिव्हाइव्ह केले" हे खेळणाऱ्याला क्षणात कळते, पण माझ्या मित्राला त्यातले 'मी', 'झालो' आणि 'नेम गेला' एवढेच कळेल. शब्दकोशांत पाहिले तर रिकॉइलला 'प्रत्याघात' मिळतो, आणि रिस्पॉनला कोणी 'पुनर्जन्म' सुचवतो. यापेक्षा बरे, वाक्यात सहज बसणारे शब्द आहेत काय?

उत्तर

'प्रत्याघात' चुकीचा नाही, परंतु तो भौतिकशास्त्राच्या पुस्तकातला शब्द आहे आणि तेथेच शोभतो. येथे आधी हे पाहावे लागेल की रिकॉइल या एका नावाखाली दोन निरनिराळ्या गोष्टी घडतात. गोळी पुढे सुटते तेव्हा बंदूक तितक्याच जोराने मागे रेटली जाते. हा झाला 'धक्का', जो खांद्याला बसतो. पण बंदुकीची नळी ही दस्ता खांद्याला जेथे टेकतो त्या जागेपेक्षा बहुधा थोडी वर असते, त्यामुळे मागे येणारा जोर बंदुकीला सरळ मागे न ढकलता तिचे तोंड वर उचलतो. ही झाली 'उसळी'. प्रत्यक्ष बंदूक चालवणाऱ्याला दोन्ही जाणवतात. पडद्यासमोर बसलेल्या खेळाडूच्या खांद्याला मात्र काहीच लागत नाही. त्याला दिसते ते एवढेच, की चाप दाबून धरला की नेमाची खूण शत्रूच्या छातीवरून डोक्यावर आणि तेथून आभाळात जाते. म्हणून खेळाविषयी लिहिताना 'उसळी' हाच शब्द अधिक नेमका आहे, असे माझे मत आहे. "या बंदुकीची उसळी फार आहे", "चौथ्या गोळीनंतर ती उजवीकडे उसळते", "माऊस हळूहळू खाली ओढून उसळी आवरावी लागते" ही वाक्ये न खेळणाऱ्यालाही कळतील.

याला लागूनच 'बर्स्ट' येतो. लांबवरच्या शत्रूवर चाप दाबून धरण्यापेक्षा तीनचार गोळ्या झाडून थांबावे आणि नेम पुन्हा जागेवर आला की परत झाडाव्यात, असा सल्ला नवख्याला सगळे देतात. त्यासाठी 'फैर' हा शब्द तयारच आहे. "छोट्या फैरी झाडाव्यात" असे लिहिले की काम होते. डोळ्यासमोर दुर्बीण न आणता कमरेजवळूनच गोळ्या झाडण्याला 'हिपफायर' म्हणतात. त्याला 'नेम न धरता झाडणे' पुरेसे आहे, वेगळे नाम घडवण्याची गरज मला वाटत नाही.

आणखी एक उत्तर

'पुनर्जन्म' मात्र कृपया नको. पुनर्जन्मात मागचे काही आठवत नाही अशी समजूत आहे, आणि येथे तर खेळाडू परत येतो तो ज्याने मारले त्याला शोधतच.

या कामी कोशाकडे वळण्याआधी मराठीने आपल्या मैदानी खेळांकडे पाहावे. कबड्डीत खेळाडू 'मरतो' आणि 'जिवंत होतो', आणि हे म्हणताना कोणालाही अवघडल्यासारखे होत नाही. इतकेच नव्हे, तर मेलेल्या गड्याचे पुढे काय करायचे यावरून त्या खेळाचे प्रकारच पडलेले आहेत. संजीवनीत समोरचा एक गडी बाद झाला की आपला एक बाद गडी परत येतो. गामिनीत बाद झालेला गडी परत येतच नाही आणि एका बाजूचे सगळे गडी संपेपर्यंत खेळ चालतो. अमरमध्ये बाद झालेला मैदान सोडतच नाही, फक्त समोरच्यांच्या खात्यात एक गुण पडतो. आता शूटर खेळांतले प्रकार पाहा. मेल्यावर लगेच परत यायचे आणि मारणाऱ्या संघाला गुण मिळायचा, हा बहुतेक 'अमर'च आहे. एकदा मेले की डाव संपेपर्यंत नुसते पाहत बसायचे, हा 'गामिनी' आहे. संजीवनी तंतोतंत कोठे जुळत नाही, कारण शूटरमध्ये सोबत्याला उठवण्यासाठी शत्रू मारावा लागत नाही, त्याच्यापर्यंत पोहोचावे लागते. पण नियम कसा समजावून सांगायचा याचा मार्ग यातून दिसतो.

तेव्हा रिव्हाइव्हसाठी 'उठवणे' घ्यावे आणि रिस्पॉनसाठी 'पुन्हा उतरणे'. या दोहोंत गल्लत होऊ देऊ नये, कारण खेळात त्यांची किंमत वेगळी आहे. उठवलेला खेळाडू पडला तेथेच किंवा ओढून नेलेल्या जागी उभा राहतो, तर पुन्हा उतरणारा आपल्या तळावर, ताब्यातल्या ठाण्यावर किंवा तुकडीतल्या सोबत्याजवळ उतरतो. 'डाउन' म्हणजे 'पडणे', 'मरणे' नव्हे. पडलेल्याला उठवता येते, मेलेल्याला नाही. मूळ वाक्यातला 'स्पॉन झालो' आता "मैदानात उतरलो" असा होईल, आणि तो क्रिकेटमुळे सर्वांच्या तोंडी आहेच.

हरकत

हे सगळे वाचायला ठीक आहे, पण खेळताना कोणी "मला उठवा, मी पडलो आहे" असे म्हणणार नाही. "रिव्हाइव्ह! रिव्हाइव्ह!" असेच ओरडणार.

हरकतीवर

खेळताना जरूर ओरडावे. तेथे ऐकणाराही खेळाडूच असतो आणि शब्द जितका ओळखीचा तितके बरे. प्रश्न विचारणाऱ्याला मात्र न खेळणाऱ्या माणसाला लिहायचे आहे. हाक मारण्याचा शब्द आणि वर्णनाचा शब्द एकच असला पाहिजे असा आग्रह धरण्याचे कारण नाही. 'क्लास', 'स्क्वॉड', 'मॅप' हे शब्दही मी तसेच ठेवीन, कारण ते वाचकाला अडवत नाहीत.

प्रश्नकर्ता

'उसळी' आणि 'उठवणे' मला लगेच पटले. आता उरलेल्यांपैकी फ्लँकबद्दल, म्हणजे शत्रूच्या बाजूने किंवा मागून जाऊन हल्ला करण्याबद्दल, विचारतो. लढायांच्या वर्णनांत 'उजवी बगल', 'डावी बगल' वाचलेले आहे, म्हणून "मी शत्रूला बगल दिली" असे लिहिले, तर अर्थ नेमका उलटा झाला, कारण बगल देणे म्हणजे टाळणे. "बगलेवर चालून गेलो" हे बरोबर आहे, पण एकट्या माणसाने गल्लीतून धावत जाऊन तिघांच्या पाठीवर गोळ्या झाडल्या याला 'चालून जाणे' फार भारदस्त वाटते. म्हणून "वळसा घालून मागून आलो" असे लिहिले आहे.

'कव्हर'ला मी सरसकट 'आडोसा' म्हणत होतो, पण खेळाने त्यात भेद करायला लावला. झुडपामागे बसलो की मी दिसत नाही, पण गोळी लागते. भिंतीमागे बसलो की गोळीही अडते, निदान भिंत असेपर्यंत. रणगाड्याच्या एका गोळ्याने ती भिंत विटांचा ढीग होते आणि समोरच्या खिडकीतला नेमबाज मला, मी त्याला, असे दोघे एकमेकांना पाहत राहतो. झुडपाला 'लपण' आणि भिंतीला 'आडोसा' म्हटले, तर हा भेद टिकतो काय?

उत्तर

टिकतो, आणि 'लपण' हा शब्द वापरात राहिला तर आनंदच आहे. एका जागी लपून येणाराजाणारा टिपत राहण्याला, ज्याला 'कॅम्पिंग' म्हणून नावे ठेवतात, त्याला 'दबा धरून बसणे' चपखल बसते. त्यातली नाराजीची छटाही आपोआप येते. सपोर्ट हा क्लास, म्हणजे खेळाडूने निवडायची एक भूमिका, दारूगोळा पुरवतो आणि पडलेल्यांना उठवतो, म्हणून त्याला 'रसदवाला' म्हणता येईल, जरी उठवण्याचे काम त्या नावात येत नाही. रेकॉन या क्लासला 'टेहळ्या' म्हणावे. 'हेर' म्हणू नये, कारण हेर वेष पालटून शत्रूत मिसळतो, आणि हा तर दुरून पाहून शत्रूच्या जागा आपल्या लोकांना दाखवतो.

राहिला 'टिकिट'. काँक्वेस्ट या प्रकारात प्रत्येक बाजूला एक आकडा दिलेला असतो. खेळाडू मरून पुन्हा उतरला की तो घटतो, समोरच्यांनी अधिक ठाणी धरली तरी घटत राहतो, आणि शून्यावर आला की ती बाजू हरते. याला 'तिकीट' म्हटले तर वाचकाला बस आठवेल. मी 'कुमक' सुचवतो.

प्रश्नकर्ता

'कुमक' येते, पोहोचते किंवा मागवली जाते. ती घटते असे वाक्य कानाला खटकते. 'राखीव कुमक' म्हटले तर मात्र "आमची राखीव कुमक संपत आली होती आणि त्यांची अजून निम्मी शिल्लक होती" असे लिहिता येते, आणि मित्राला त्यावर वेगळा खुलासा द्यावा लागणार नाही. पत्रात हेच घालतो.