दवाखान्यातली ट्रोपोनिन टेस्ट : रक्त बोटातलं, शिरेतलं की सीरम? सल्ला हवा

सत्तरीचा_डॉक्टर
नमस्कार मंडळी. वाळपईच्या आतल्या भागात माझा छोटा दवाखाना आहे. ईसीजी मशीन आहे, आता ट्रोपोनिनचं (हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात वाढणारं प्रथिन) छोटं मशीन घ्यायचं ठरवलंय. एक विक्रेता म्हणतो बोटाला टोचा, दुसरा म्हणतो हिरव्या झाकणाची नळी भरा, आणि ओळखीचा लॅबवाला म्हणतो खरा आकडा सीरमचाच, म्हणजे रक्त गोठल्यावर वर उरणाऱ्या पाण्याचा.
गेल्या जूनमध्ये एक बागायतदार छातीत कळा येतात म्हणून आले. दुखणं सुरू होऊन जेमतेम तास झालेला. ईसीजी साफ, कार्डवरची टेस्ट निगेटिव्ह. मन मानेना म्हणून बांबोळीला, गोवा मेडिकल कॉलेजात पाठवलं, तिथे दुसऱ्या वेळच्या रक्तात ट्रोपोनिन वाढलेलं निघालं. घरी सोडलं असतं तर काय झालं असतं, हे अजून डोक्यातून जात नाही. कुठलं रक्त घेऊ?

लॅबवाली_फोंडा
डॉक्टर, तुमच्याकडे सीरम नको. साध्या नळीत रक्त गोठायला अर्धा तास, वर सेंट्रिफ्यूजची (नळी गरगर फिरवून पेशी खाली बसवणारं यंत्र) दहा मिनिटं, आणि पावसात सत्तरीत वीज किती वेळा जाते हे मी सांगायला नको. घाईने अर्धवट गोठलेलं फिरवलं तर फायब्रिनचे धागे राहतात आणि ट्रोपोनिन खोटंच वाढलेलं दिसू शकतं. प्लाझ्माला, म्हणजे न गोठू दिलेल्या रक्तातल्या पाण्याला, गोठण्याची वाट नाही, पण फिरवावं लागतंच. म्हणून शिरेतलं होल ब्लड, म्हणजे न फिरवलेलं अख्खं रक्त.
आता नळीचा रंग. हा मुद्दा लोक हलक्यात घेतात. टेस्टमध्ये मोजला जाणारा एक प्रकार म्हणजे ट्रोपोनिन आय, तो रक्तात बहुतेक ट्रोपोनिन सी या जोडीदार प्रथिनाला धरून असतो आणि ती जोडी कॅल्शियमवर टिकते. जांभळ्या नळीतलं ईडीटीए (रक्त गोठू न देणारं औषध) कॅल्शियम ओढून घेतं, जोडी सुटते. मग टेस्टमधली अँटीबॉडी कुठे चिकटते त्यावर आकडा वरखाली होतो. हिरव्या नळीतलं तसंच औषध, हिपॅरिन, तेही निर्दोष नाही, काही टेस्टमध्ये ते ट्रोपोनिनलाच चिकटून आकडा कमी दाखवतं. म्हणून अमुक नळी चांगली असं नसतं, मशीन कुठल्या नळीवर बेतलंय ते बघायचं. आय-स्टॅट आणि कोबास एच २३२ ही मशीनं हिपॅरिनवर चालतात, ट्रायेज ईडीटीएवर. कोबासला १५० मायक्रोलिटर लागतं आणि १२ मिनिटांत निकाल येतो. नळी खुणेपर्यंत भरा, अर्धी नळी म्हणजे औषध जास्त, रक्त कमी.

सिस्टर_डिचोली
बोटाबद्दल मी सांगते. सोपं वाटतं, पण हंगामात काजूचे बोंडू मळून आलेल्या माणसाचा हात बघा. कातडी जाड झालेली, थेंब येत नाही, मग आपण बोट पिळतो. पिळलं की पेशींभोवतीचं पाणी मिसळतं, तांबड्या पेशी फुटतात. त्यात घाम फुटून हातपाय गार पडलेला पेशंट असला तर बोटात रक्तच कमी. सीमेन्सचं अटेलिका व्हीटीएलआय बोटातल्या रक्तावरही चालतं, आठ मिनिटांत आकडा देतं, तसलं घेणार असाल तर जरूर टोचा. पण मशीनच्या पत्रकात बोटातलं रक्त लिहिलेलं नसेल तर तो प्रयोग पेशंटवर करू नका. तशीही अशा पेशंटला सलाईनची सुई लावायचीच असते, त्याच वेळी शिरेतून घ्या. फक्त जोराने ओढू नका, रक्त फुटतं.

पेडण्याचा_१०८वाला
ईसीजीत एसटी (आलेखाचा एक भाग) वर चढलेला, म्हणजे मोठ्या हार्ट अटॅकची खूण दिसली तर कुठल्याच नळीची वाट बघू नका, थेट १०८.

लॅबवाली_फोंडा
अगदी बरोबर. आणि डॉक्टर, त्या बागायतदारांच्या वेळी रक्ताचा प्रकार चुकला नव्हता, वेळ लवकरची होती. साध्या टेस्टमध्ये ट्रोपोनिन दिसायला तीन ते सहा तास लागतात. पहिली निगेटिव्ह आली तरी दुसरी हवीच, आणि दोन्ही वेळा रक्त त्याच प्रकारचं, त्याच मशीनवर. पहिलं बोटातलं आणि दुसरं लॅबच्या प्लाझ्माचं असेल तर वाढ खरी की नमुन्यामुळे, हे कळायला मार्ग नाही. चिठ्ठीवर मशीन, नळी आणि वेळ लिहून पाठवा.

सत्तरीचा_डॉक्टर
ताई, सिस्टर, फार उपकार. हिपॅरिनचं होल ब्लड चालणारंच मशीन बघतो. वीज गेल्यावर कार्ट्रिजचं (मशीनमध्ये घालायची टेस्टची डबी) काय?

लॅबवाली_फोंडा
बहुतेक २ ते ८ अंशांत ठेवायची असतात. लसीची आइसबॉक्स जवळ ठेवा, पण कार्ट्रिज बर्फाला टेकू देऊ नका. आय-स्टॅटची बाहेर काढून १४ दिवस टिकतात, पण बाहेर काढल्याची तारीख पाकिटावर लिहा आणि ती परत फ्रिजमध्ये घालू नका.