पाण्याने थंड होणाऱ्या मिग (गॅसच्या कवचाखाली वायरने होणारं वेल्डिंग) टॉर्चमध्ये वायर आधी तापवायची कशी? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. जाड प्लेटवर 1.2 मिमीची स्टील वायर चालवतोय. करंट न वाढवता डिपॉझिशन (ठराविक वेळात भरला जाणारा धातू) वाढवायचंय, म्हणून स्टिकआउट (वायरला करंट देणाऱ्या टिपपुढे निघालेली वायर) 15 वरून 25 मिमी केला. टिप आणि आर्कमधली वायर स्वतःच्या रोधाने तापते, करंट उतरतो, मग वायर फीड वाढवता येतो, इथवर जमलं. पण वायरचं टोक भरकटतं, गॅसचं कवच तुटून छिद्रं पडतात आणि पेनिट्रेशन (वेल्ड प्लेटमध्ये किती खोल जातं ते) कमी झालंय. खरी काळजी त्याचीच.

टिपच्या पुढे सिरॅमिकची गाइड बसवून वायर सरळ ठेवणं कुणी केलंय का? की टिपच्या आधीच दुसरा संपर्क देऊन वेगळ्या सप्लायने तापवावी? तसं केलं तर पाण्याने थंड झालेली टिप ती उष्णता ओढून नेणार नाही ना? हाताखालून गेलेला अनुभव असेल तर जरूर सांगा.