२७ बाय १७ मीटरच्या प्लॉटमध्ये बास्केटबॉल कोर्ट बसेल का?

निंबोळी (लोकमान्यनगर, इंदूर)
आमच्या कॉलनीच्या मोकळ्या प्लॉटवर मुलांसाठी बास्केटबॉल कोर्ट करायचं ठरलंय. काल संध्याकाळी मी आणि शेजारच्या वहिनींनी फीत धरून मोजलं. भिंतीपासून भिंतीपर्यंत लांबी २७ मीटर, रुंदी १७, लांब बाजू पूर्व-पश्चिम. ठेकेदार म्हणतो, २६ बाय १५चं आरामात बसवतो. मुलाने नेटवर ९४ बाय ५० फूट वाचलंय, अमेरिकेतला पुतण्या ८४ फूट सांगतो आणि नियमात म्हणे २८ बाय १५ मीटर. खरं माप कुठलं धरायचं? सोमवारी चुना पडणार आहे, म्हणून घाईत विचारतेय.

फास्टब्रेक
सगळीच खरी आहेत. ९४ बाय ५० फूट हे एनबीएचं, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगचं, आणि तिथल्या कॉलेजांचं, म्हणजे २८.६५ बाय १५.२४ मीटर. ८४ फूट तिथल्या हायस्कूलचं, रुंदी तीच ५०. २८ बाय १५ मीटर हे फिबाचं, म्हणजे आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाचं. आपल्याकडे तेच धरा. माप रेषेच्या आतल्या कडेपासून घ्यायचं, रेषा ५ सेंटीमीटर रुंद.

जुना पॉइंटगार्ड (रामबाग, इंदूर)
ताई, सोमवारी चुना टाकू देऊ नका.

२७ मध्ये २६ बसवलं की शेवटच्या रेषेमागे भिंतीपर्यंत अर्धा मीटर उरतो. लेअपला, म्हणजे रिंगखाली जाऊन बॉल टाकायला, धावत आलेला पोरगा अर्ध्या मीटरमध्ये थांबूच शकत नाही. अशाच एका कोर्टवर माझ्या डोळ्यांसमोर एका मुलाचं मनगट भिंतीवर आदळून मोडलं, तो पुढे वर्षभर बॉलला शिवला नाही. कोर्टच्या चारही बाजूंनी किमान २ मीटर मोकळे हवेत, असं फिबाचा नियम सांगतो. ते सोडले तर तुमच्याकडे २३ बाय १३ राहतात. त्यात अख्खं कोर्ट आखता येईल, पण रिंगपासून बाजूची रेषा साडेसहा मीटरवर आणि थ्री पॉइंटची कमान, जिच्या बाहेरून टाकलेल्या बास्केटला तीन गुण मिळतात, ती पावणेसात मीटरची. म्हणजे कमान कोर्टबाहेर जाते, कोपरे कापून जवळ आणावे लागतात.

माझं ऐकाल तर कोर्ट आडवं फिरवा. थ्री बाय थ्रीचं, म्हणजे तीन विरुद्ध तीन खेळाडूंच्या खेळाचं कोर्ट १५ मीटर रुंद आणि ११ लांब असतं, एकच रिंग. टोकियो ऑलिंपिकपासून हा खेळ पदकाचा झालाय, त्यामुळे मुलांना अर्ध्या कोर्टवर भागवल्यासारखं वाटायला नको. १५ मीटर तुमच्या लांब बाजूला ठेवा. दोन्हीकडचे २-२ धरून १९ झाले. ११ आडव्या बाजूला, २-२ धरून १५. तिथे २ मीटर वर उरतात, त्यातला एक रिंगमागे द्या. रिंग उत्तरेच्या भिंतीकडे लावा. पूर्व-पश्चिम खेळलात तर संध्याकाळी एका टीमच्या डोळ्यांत सरळ ऊन जातं, आणि मुलं खेळणार संध्याकाळीच. लांबीतले ८ मीटर मोकळे राहतात, तिथे बॅडमिंटनचं कोर्ट बसतं, १३.४० बाय ६.१०.

एक गोष्ट मात्र ठेकेदाराला कागदावर लिहून द्या. रिंगमागच्या बोर्डचा पुढचा भाग शेवटच्या रेषेच्या १.२० मीटर आत आला पाहिजे. फ्री थ्रोची, म्हणजे फाउलनंतर मिळणाऱ्या मोकळ्या फेकीची रेषा शेवटच्या रेषेपासून ५.८० वर, म्हणजे बोर्डपासून ४.६० वर. माझ्या शाळेत बोर्ड थेट शेवटच्या रेषेवरच उभा केला होता. सहा वर्षं मी ५.८० वरून फ्री थ्रो मारत होतो आणि ते मला माहीत नव्हतं. रेसकोर्स रोडच्या बास्केटबॉल कॉम्प्लेक्समध्ये ट्रायल्स झाल्या, तिथे बोर्ड जागच्या जागी होता. माझे बॉल एकामागून एक रिंगवरून बोर्डला लागून परत आले. हाताला पडलेली सवय दहा मिनिटांत सुटत नाही. माझी निवड झाली नाही, आणि आजही मी कुठलंही कोर्ट पाहिलं की आधी ते सव्वा मीटर बघतो.

रिंगसमोरचा रंगवायचा भाग आयताकृतीच आखा, ४.९० मीटर रुंद. जुन्या मिस्त्र्यांच्या हाताला खाली पसरट, वर निमुळता आकार बसलाय. तो २०१० मध्ये गेला. तेव्हाच कमान ६.२५ वरून ६.७५ झाली.

निंबोळी
काका, हे फिरवायचं आमच्या डोक्यातच आलं नव्हतं. बॅडमिंटनचं ऐकून बायका तर लगेच तयार झाल्या. पण आठ-नऊ वर्षांची पोरं पुष्कळ आहेत. रिंग खाली लावू का?

जुना पॉइंटगार्ड
मोठी रिंग ३.०५ वरच ठेवा, तिला हात लावू नका. लहानांना मिनी बास्केटबॉलची २.६० मीटरची दुसरी रिंग आणि ५ नंबरचा बॉल द्या. जड बॉलने पोरं खांद्यावरून फेकायला लागतात आणि तो हात पुढे सुधारत नाही. ही रिंग बॅडमिंटनच्या बाजूला, जाळी नसेल तेव्हा वापरता येईल.

मी रविवारी सकाळी ७ वाजता येतो. खुंट्या, सुतळी आणि हातोडी आणून ठेवा. फीत मी माझी स्टीलची आणतो, कापडी ताणली जाते. चार खुंट्या ठोकल्यावर दोन्ही कर्ण मोजू, १८.६० यायला हवेत. दोन्ही सारखे आले तरच सोमवारी चुना.