अनुभव धागा : ऑस्ट्रेलियातलं आडगाव, आउटबॅक

सदाफुली
काल रात्री वीज गेली, इन्व्हर्टरही बंद. त्या मिट्ट काळोखात एकदम कूबर पेडीचं घर आठवलं. ॲडलेडपासून साडेआठशे किलोमीटर, ओपल या रत्नाच्या खाणींचं गाव. बरीच माणसं जमिनीखाली कोरलेल्या घरांत राहतात. बाहेर ४५ अंश, आत बारा महिने २३-२४. आमच्या झोपायच्या खोलीला खिडकी नव्हती, दिवा मालवला की स्वतःचा हात दिसायचा नाही. फळी हवी तर भिंतच कोरायची. शेजारचे सर्बियन आजोबा जुने खाणवाले. मी गणपतीसाठी जागा शोधतेय कळल्यावर छिन्नी घेऊन आले आणि अर्ध्या दिवसात कोनाडा कोरून दिला, वर छान कमान! त्यांचं चर्चही तिथे जमिनीखालीच आहे, त्यामुळे फार समजवावं लागलं नाही. गाव सोडताना सगळं सामान बांधलं, कोनाडा तेवढा मागे राहिला.
तुम्ही कोणी राहिलायत का अशा गावात? लिहा ना.

चिंचबोरं
आम्ही तर गावातही नाही, क्वीन्सलँडला गुरांच्या स्टेशनवर, म्हणजे गुरं पाळायच्या अवाढव्य रानावर होतो. धाकट्याला रात्री १०४ ताप. फ्लाइंग डॉक्टरना, म्हणजे विमानानं येणाऱ्या डॉक्टरांच्या सेवेला फोन लावला. त्यांची औषधांची पेटी घरात असते, प्रत्येक औषधावर नंबर. डॉक्टर फोनवर नंबर सांगतात, आपण तेच काढायचं. हात थरथरत होते, पण नंबर वाचता आला. १९२८ साली क्वीन्सलँडमधल्याच क्लोनकरी गावाहून ही सेवा सुरू झाली, तिथली म्हातारी माणसं अजून हात जोडून नाव घेतात. दूध उतू जातंय, बाकी नंतर

रानजाई
अगं नंतर काय! बाळ बरं झालं ना?

चिंचबोरं
हो गं, आता सहा फूट झालाय

वाटसरू
ब्रोकन हिल, ३ वर्षं. राज्य न्यू साउथ वेल्स पण घड्याळ ॲडलेडचं, सिडनीच्या अर्धा तास मागे. लेकीचा सिडनीच्या बाईंकडे ऑनलाइन गाण्याचा क्लास. पहिल्या दिवशी नटूनथटून बसली तोवर अर्धा क्लास संपलेला, खूप रडली. तिथे उंटवाल्यांची पत्र्याची छोटी मशीद आहे, जरूर बघा. बलुचिस्तान, पंजाबकडची ती माणसं उंटांवरून रसद न्यायची. त्या ओसाडीत त्यांचे दिवस कसे गेले असतील याचा मी फार विचार करायचो.

रानजाई
सदाफुली, किराण्याचं काय करायचीस? कोथिंबीर मिळायची?

सदाफुली
ट्रक यायचा, त्यात असेल तर. मी धणे पेरले होते पण पाणी इतकं महाग की जीव व्हायचा नाही घालायला. खारं पाणी शुद्ध करून देतात तिथे. २०२२ च्या जानेवारीत पुरानं गावाकडे येणारा स्टुअर्ट हायवे तुटला, तेव्हा हवाई दलाच्या विमानानं गावाला अन्न आणलं. तेव्हापासून माझ्या घरी पोहे दोन किलो जास्तच असतात.

मधुमालती
कोनाड्याचा फोटो आहे का?

सदाफुली
जुन्या फोनमध्ये असेल. चार्जर शोधते.

मधुमालती
कुठला फोन? माझ्याकडे जुन्या पिनचे दोन आहेत, ठाण्यात असशील तर घेऊन जा.