मदत हवी आहे: ट्रायल्स सायकलचा हायड्रॉलिक रिम ब्रेक सोडल्यावर लगेच मागे येत नाही

मागचं_चाक
मागचा ब्रेक दाबला की धरतो एकदम घट्ट. पण लिव्हर सोडली की पॅड रिमवरून हळूहळू सुटतात. ट्रायल्समध्ये पाय न टेकता दगडांवरून उड्या मारत जायचं असतं. मागच्या चाकावर उभं राहून पेडल-किक (पेडलला झटका देऊन पुढे उडी) मारायची म्हणजे ब्रेक त्या क्षणी सुटायला पाहिजे. माझं चाक अडकूनच राहतं आणि मी पुढच्या दगडाच्या अलीकडेच पडतो. दोनदा नडगी फुटली. ब्लीड करून (तेल बदलून आतली हवा काढून) झालंय, हवा नाही. रविवारी बेळगावजवळच्या राजहंसगडाखाली दगडांवर जायचंय, त्याच्या आत उपाय पाहिजे. प्लीज लवकर सांगा.

चोर्ला_घाट
कुठला ब्रेक? सायकल २० इंची की २६? नवीन की जुनी? एवढं तरी लिही की भावा.

मागचं_चाक
मागुरा एचएस३३. २० इंची. गोव्यातल्या एकाकडून जुनी घेतली. पण त्याने काय फरक पडतो, ब्रेक तोच.

निपाणीकर
रिम ब्रेक काढ आणि डिस्क लाव. मी माझ्या एमटीबीला (माउंटन बाइकला) लावली, पावसाळ्यात चिखलातसुद्धा काही त्रास नाही. निपाणी ते आडी रोज जातो.

चोर्ला_घाट
त्याच्या फ्रेमला डिस्कचा माउंट आहे का ते तरी विचार आधी. आणि ट्रायल्समध्ये मागे रिम ब्रेक मुद्दाम ठेवणारे खूप आहेत. चाक जागच्या जागी कुलूप लावल्यासारखं थांबतं. त्याला घाट उतरायचा नाही, दगडावर उभं राहायचंय.

खानापूरचा_पाऊस
पॅड झिजले असतील. नाहीतर रिम ग्राइंड कर. ग्राइंडरची हलकी आडवी रेघ मारली की ओल्या रिमवरही पकड येते. आवाज मात्र अख्ख्या गल्लीला ऐकू जातो.

मागचं_चाक
पकडीचा प्रश्नच नाही हो! पकड आहे. सुटत नाही, हा प्रश्न आहे.

टर्नर_काका
बाळा, तीन गोष्टी सांग. ब्लीड कधी केलंस? आत काय भरलंस? आणि हा त्रास सकाळी जास्त, दुपारी कमी असं होतं का?

मागचं_चाक
काका, दोन आठवड्यांपूर्वी केलं. सकाळी जास्त होतंय, बरोबर. कालच दुपारी व्हॅक्सिन डेपोच्या मैदानात सायकल मारत होतो तेव्हा बरं वाटलं. हे तुम्हाला कसं कळलं? तेल मामाच्या शेडमधलं, उद्यमबागेत (कारखान्यांचा भाग). हायड्रॉलिक तेलच आहे, मिनरल. मागुरालाही मिनरलच लागतं ना.

टर्नर_काका
कॅनवर नंबर काय आहे?

मागचं_चाक
६८.

टर्नर_काका
मग कारण सापडलं. मी तीस वर्षं उद्यमबागेत प्रेस आणि पॉवरपॅकवर काम केलंय, म्हणून ठामपणे सांगतो. ६८ म्हणजे ४० अंश तापमानाला त्या तेलाची व्हिस्कॉसिटी, म्हणजे घट्टपणा, ६८ सेंटीस्टोक्स. पाण्याची २० अंशाला साधारण १ असते. आता आपल्याकडे जानेवारीत पहाटे पारा १४-१५ वर येतो. त्या थंडीत तेच तेल ४० अंशाला असतं त्याच्या कितीतरी पट घट्ट होतं. आमच्या प्रेसला ते चालतं, कारण तिथे पंप ढकलत असतो. तुझ्या ब्रेकमध्ये दाबताना तुझ्या बोटाचा जोर आहे म्हणून धरतो. सोडताना मात्र आतल्या एवढ्याशा स्प्रिंगने ते तेल सगळ्या बारीक नळीतून परत लिव्हरकडे ढकलायचं. ती बिचारी किती ढकलणार? तेल मिनरल आहे हे बरोबर, पण मिनरल म्हटलं की सगळी एकसारखी नसतात.

बुलेट_शहापूर
एवढं कशाला? गाडीच्या ब्रेकचं डॉट-३ घाल. पातळ असतं, कुठल्याही स्पेअरच्या दुकानात मिळतं. माझ्या बुलेटला पाच वर्षं तेच आहे.

चोर्ला_घाट
अजिबात घालू नकोस!! मिनरल तेलाच्या ब्रेकमधले सील वेगळ्या रबराचे असतात. डॉट लागलं की ते फुगतात, मग पिस्टन (पॅड ढकलणारा दट्ट्या) सिलिंडरमध्येच अडकतो. ब्रेक आत्ता हळू सुटतोय, मग सुटायचाच नाही.

बुलेट_शहापूर
माझ्या गाडीचे सील कुठे फुगले?

चोर्ला_घाट
दादा, तुमच्या गाडीचे सील डॉटसाठीच बनवलेत. त्यात मिनरल तेल घातलं तर ते फुगतील. दोन्हीकडून तसंच आहे. म्हणून तर म्हणतोय, मिसळू नका.

टिळकवाडी_सायकल
आमच्या ग्रुपमधले ट्रायल्सवाले पाणीच भरतात. डिस्टिल्ड वॉटर आणि त्यात थोडा गाडीचा कूलंट. पाण्याइतकं पातळ दुसरं काय मिळणार? लिव्हर फट्कन परत येते.

टर्नर_काका
पाण्याने गंज चढतो. तेल सीलला वंगणही देतं. मी म्हणेन, कंपनीचंच तेल मागव, ते मुळातच पातळ असतं.

टिळकवाडी_सायकल
काका, गंजासाठीच तर कूलंट. आणि घाटात रिम तापून पाणी उकळेल ही भीती लोक घालतात, ती ट्रायल्सला लागू नाही. आम्ही तासाभरात दोनशे मीटरही जात नाही. दर सहा महिन्यांनी बदलायचं, एवढंच.

टर्नर_काका
सहा महिन्यांनी आठवणीने बदलणारा असेल तर ठीक. पोरं विसरतात.

निपाणीकर
डिस्कला हे काहीच लागत नाही.

चोर्ला_घाट
हायड्रॉलिक डिस्कलाही ब्लीड लागतं, निपाणीकर.
बरं @मागचं_चाक, एक राहिलं. दोन्ही पॅड सारखेच हळू येतात की एकच?

मागचं_चाक
उजवा जास्त हळू. हे लिहायचं राहिलं.

चोर्ला_घाट
हेच आधी लिहिलं असतंस तर! तेल तर बदलच, पण त्याआधी ही टेस्ट कर. उजवा सिलिंडर फ्रेमवरच्या क्लॅम्पमधून सोडव. पॅडसमोर लाकडाचा तुकडा धर, नाहीतर पिस्टन उडून बाहेर येईल. मग लिव्हर हळू दाबून सोड. बाहेर पटकन परत आला आणि क्लॅम्पमध्ये हळू, तर क्लॅम्पचे बोल्ट जास्त आवळलेत. सिलिंडरची भिंत पातळ असते, जास्त आवळलं की गोल न राहता दबते आणि पिस्टन घासतो. हाताने सिलिंडर फिरणार नाही इतपतच आवळायचं. बाहेरही हळूच आला, तर पिस्टनच्या कडेला माती बसलीय का बघ.
लिव्हर ज्यावर फिरते तो पिवट बोल्टही तपास. होज (तेलाची नळी) सोडून नुसती लिव्हर हलवली तर ती सहज फिरली पाहिजे.

खानापूरचा_पाऊस
राजहंसगडाखाली नेमकं कुठे मारतोस? आम्ही तिघे आहोत, यायला चालेल का?

मागचं_चाक
करून सांगतो.

(शनिवार, रात्र)

मागचं_चाक
क्लॅम्प सोडवला तर उजवा बाहेर एकदम फट्कन आला! मीच आवळला होता, रिम घासते म्हणून. सैल करून परत बसवला, आता दोन्ही सारखे. मग तेल काढलं. मेडिकलमधून दोन सिरिंज आणल्या, पॅड पुढे आणायचा नॉब पूर्ण मागे घेतला, खालून सिलिंडरकडून भरत वर लिव्हरकडे काढलं. लिव्हरचं तोंड सगळ्यात उंच ठेवलं. पहिलं पाणी दुधासारखं पांढरं आलं, तिसऱ्या वेळी स्वच्छ झालं. शेवटी कूलंट घातलेलं पाणी भरलं. काका, तुमचं न ऐकता पाणीच भरलं, रागावू नका. कंपनीचं तेल यायला आठवडा लागला असता. तारीख लिव्हरवर टेप लावून लिहिलीय.
आता किक मारली की चाक सुटतं. अंगणातल्या दोन विटांवरून चार वेळा गेलो, चारही वेळा नीट.

टर्नर_काका
रागावू कशाला? तारीख लिहिलीस, चांगलं केलंस. दोन दिवसांनी सिलिंडरच्या जोडाशी ओल दिसते का बघ. आणि तो ६८ चा कॅन मामाला परत नेऊन दे.

मागचं_चाक
@खानापूरचा_पाऊस सकाळी सात, यळ्ळूरच्या बाजूने या. नडगीला गार्ड बांधूनच या.